सूचक : गोकुळाबाई भानारकर

कोसमघाटच्या नगरपरिषदेत सदस्य होते सतरा आणि सभागृहात खुर्च्या होत्या पंधरा. सभेच्या दिवशी शिपाई शेजारच्या शाळेतून दोन खुर्च्या उचलून आणायचा आणि भिंतीकडेला मांडायचा. पहिल्या सभेला त्यातल्या एकीवर गोकुळाबाई बसली, दुसरीवर बुधरीबाई कोवे. तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या खुर्च्या त्या यायच्या आधीच भरल्या होत्या, एवढंच. पुढं कार्यकाळ संपेपर्यंत जागा त्याच राहिल्या.

गोकुळा ढिवर मोहल्ल्यातली. नवरा मुखरू मच्छीमार सोसायटीच्या तलावात जाळं टाकायचा आणि ती बारा वर्षं हेमराजभाऊ चिलबुलेंच्या राईस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकडून सुकवायच्या, धानावर राबली होती. शिजवलेलं धान सिमेंटच्या आवारात पसरायचं, पायानं ओळी ओढत उन्हात उलटवत राहायचं, ढग दिसला की पळत जाऊन गोळा करायचं. बाया कामावर यायच्या त्या लेकरं घेऊनच. तान्ही पोत्यांच्या आडोशाला झोपवलेली असत आणि पाय फुटलेली वाटेल तिकडं हिंडत. मिलच्या मागच्या अंगाला बॉयलरमधून निघालेल्या तुसाच्या राखेचा ढीग होता. वरून तो करडा, थंडगार दिसायचा. आतला विस्तव मात्र आठ-आठ दिवस विझत नसे. गोकुळाची दामिनी तीन वर्षांची असताना त्या ढिगात शिरली. पाय बरा झाला, पण बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. हेमराजभाऊंनी दवाखान्याच्या रिक्षाचं भाडं दिलं आणि त्या आठवड्याची मजुरी कापली नाही. मोहल्ल्यात ही गोष्ट पुष्कळ वर्षं त्यांच्या चांगुलपणाची म्हणून सांगितली जायची. गोकुळासुद्धा तशीच सांगायची.

शहाण्णवच्या निवडणुकीत ढिवर मोहल्ल्याचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. हेमराजभाऊंना आपल्या बाजूनं मुकाट हात वर करणारी बाई हवी होती आणि गोकुळा त्यांच्या मिलमधली, सातवी शिकलेली, तोंडानं सौम्य. माणसं मुखरूकडं आली. मुखरूनं बायकोकडं पाहिलं. तिनं एकच विचारलं, निवडून आले तर मिलच्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर मागता येईल का? आलेला माणूस म्हणाला, मागता काय, करूनच टाकू. एकेचाळीस मतांनी ती निवडून आली आणि तिच्याशिवाय तिच्या पक्षातल्या कुणालाही ते बोलणं आठवलं नाही.

बुधरीबाईचं निराळं होतं. ती नाल्यापलीकडच्या डेपो टोलीची. जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर काम करणारी गोंडांची साठ-सत्तर घरं म्हणजे ती टोली. बुधरीबाई पन्नाशीची, अंगठाबहाद्दर, कोणत्याच गटाची नव्हती. पण मोजताना ती विरोधी आठांमध्ये धरली जायची. टोलीत नगरपरिषदेनं भाड्यानं घेतलेली एक खोली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं परिचारिका येई, तापाच्या माणसाच्या बोटातून रक्त काढून काचेवर घेई, गोळ्या देई, पोटुशा बायांना तपासून जाई. त्या खोलीसाठी बुधरीबाई दहा वर्षं झगडली होती. ती मिळाली म्हणूनच टोलीनं तिला निवडून दिलं.

सभा कशी चालते हे गोकुळाला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. विषयपत्रिका घरी येई. ती दिव्याखाली बसून एकेक विषय वाचून काढी आणि बुधरीबाईला दुसऱ्या दिवशी समजावून सांगे. सभागृहात मुख्याधिकारी साहेब विषय वाचत, कुणीतरी मंजूर म्हणे, आणखी दोघं मंजूर म्हणत, आणि पुढचा विषय येई. दोन तासांची सभा चाळीस मिनिटांत उरके. खरी सभा आदल्या दिवशी मिलच्या ऑफिसात झालेली असे. तिथं चिवडा असे, चहा असे आणि हेमराजभाऊ, तेही नगरसेवकच, आणि त्यांचे आठही सदस्य असत. कुणाच्या वॉर्डात नाली, कुणाच्या गल्लीत दिवा, कुणाच्या साळ्याला ठेका, हे तिथंच ठरे. गोकुळा त्यांतली आठवी. तिला बोलावणं येई, पण खुर्ची असे दाराजवळ, आणि तिच्या पाळणाघराचं नाव निघालं की हेमराजभाऊ प्रेमानं म्हणत, बघू, पुढच्या सभेत घेऊ.

पुढच्या सभा पुष्कळ झाल्या. तिनं अर्ज दिले. मिलच्या त्रेसष्ट बायांचे अंगठे आणि सह्या गोळा केल्या. एका अर्जावर शेरा आला, निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करावा. महिला व बालकल्याण समितीचा पैसा होता, त्यातून शिलाई मशिनी आल्या. ज्यांच्या घरी आधीच मशीन होती अशा दोघींनाही त्या मिळाल्या. गोकुळानं सभागृहात उठून ते बोलून दाखवलं, तेव्हा सगळे तिच्याकडं बघत राहिले, आणि मग कुणीतरी पंख्याचा वेग वाढवायला सांगितलं. एकट्या बुधरीबाईनं खाली तिचा हात दाबला.

दोघी सभा संपल्यावर नगरपरिषदेच्या मागच्या कडुनिंबाखाली डबा खात. बुधरीबाईच्या भाकरीबरोबर कधी मोहाची फुलं भाजलेली असत, गोकुळाच्या डब्यात सुकवलेली मासोळी. तिथं बसूनच बुधरीबाईनं तिला सांगितलं की खोलीसाठी ती सोळा वेळा कचेरीत आली होती आणि एकदा साहेबांच्या दारात दिवसभर बसून राहिली होती. म्हणाली, "लाज सोडाव लागते, गोकुळा. पण इतकीच सोडाव, का मंग वापस घेता आली पायजे."

तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेआधी हेमराजभाऊंनी गोकुळाला एकटीलाच बोलावलं. दुपारची वेळ होती. बाहेर आवारात बाया धान उलटवत होत्या आणि ऑफिसच्या काचेतून त्या दिसत होत्या. भाऊंनी तिला दाराजवळ न बसवता समोर बसवलं. चहा मागवला. मग म्हणाले की औंदा पाळणाघर द्यायचं ठरवलंय. समाजमंदिराला लागून असलेली खोली, दोन बाया मानधनावर, लेकरांना दूध. गोकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी तिला चहा पिऊ दिला.

"पण पैसा नवा कुठून आनू?" ते म्हणाले. "एक काही बंद केल्याशिवाय दुसरं चालू होत नाई, गोकुळाबाई. तुमी वाचता, तुमाले समजते. डेपो टोलीची खोली बंद कराव लागन. तिथून सरकारी दवाखाना काई लय दूर नाई."

गोकुळा म्हणाली की मधात नाला आहे.

"नाला चार महिने. तुमच्या लेकरायची राख बारा महिने."

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. ठराव तिनं मांडायचा. सूचक म्हणून तिचं नाव पाहिजे. ती विचारत होती, मीच काऊन, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं होतं. मिलमालकानं आदिवासींचा दवाखाना बंद केला, असं पेपरात आलं असतं. ढिवर बाईनं मांडलं तर ते दोन गरिबांच्यातलं भांडण झालं. भाऊ ते तोंडानं बोलले नाहीत. ते म्हणाले, "तुमची मागनी हाये, तं तुमीच मांडाव. नाई म्हनत असान तं माई काई जबरदस्ती नाई. मंग औंदाबी राह्यलं."

घरी ती मुखरूशी काही बोलली नाही. मुखरू जाळं विणत बसला होता आणि दामिनी त्याच्याजवळ अभ्यास करत होती. बुधरीबाईकडं जावं, सगळं सांगावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. नाल्यापर्यंत ती गेलीसुद्धा. मग तिला वाटलं, सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि तिनं नको म्हटल्यावर आपल्याला मांडता येणार नाही. रपट्यापासून, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापासून, ती परत फिरली. पुढच्या आयुष्यात तिनं स्वतःला पुष्कळ गोष्टी माफ केल्या, पण ते परत फिरणं माफ केलं नाही. कारण तिथं तिला कुणी काही करायला लावलं नव्हतं.

सभेत विषय अकरावा होता. विषयपत्रिकेवर तो मोघम लिहिला होता, आरोग्य व बालकल्याण शीर्षांतर्गत पुनर्नियोजन, म्हणून आदल्या दिवशी बुधरीबाईला समजावून सांगताना गोकुळाला त्याच्यावरून पुढं जाणं सोपं गेलं. साहेबांनी विषय वाचला. गोकुळा उठली. कागद टाईप करून दिलेला होता. डेपो टोली येथील उपकेंद्राची खोली एप्रिलपासून बंद करून सदर निधी प्रभाग सहामधील पाळणाघरासाठी वर्ग करण्यात यावा. तिचा आवाज नेहमीपेक्षा स्वच्छ निघाला. अनुमोदन कुणीतरी लगेच दिलं.

बुधरीबाईला सदर आणि वर्ग यांतलं काही कळलं नाही. डेपो टोली आणि बंद, एवढं कळलं. ती गोकुळाकडं बघत राहिली, जशी माणसं चूक ऐकल्यावर पुन्हा सांगण्याची वाट बघतात. मग हात वर करा म्हणून पुकारा झाला. नऊ हात वर गेले. विरोधात आठ. बुधरीबाईनं आपला हात सगळ्यांच्या शेवटी वर केला आणि मोजणी झाल्यावरही तो खाली घेतला नाही, शिपायानं येऊन सांगेपर्यंत.

कडुनिंबाखाली त्या दिवशी गोकुळा गेली नाही. पण फाटकाजवळ बुधरीबाई उभी होती.

"मले काल सांगतलं असतं," बुधरीबाई म्हणाली, "तं मी आज घरीच राह्यली असती. तुज्या तोंडून ऐकाव नसतं लागलं."

त्या उन्हाळ्यात पाळणाघर सुरू झालं. उद्घाटनाला हेमराजभाऊंनी नारळ फोडला, फोटो निघाला. बावीस लेकरं होती, पुढं एकतीस झाली. दोन म्हाताऱ्या बाया त्यांना सांभाळत, सकाळी दूध देत, दुपारी झोपवत. मिलच्या बाया जेवणाच्या सुट्टीत येऊन तान्ह्यांना पाजून जात. गोकुळा रोज सकाळी तिथं जाई, चटया झटकी, एखाद्या शेंबड्याचं नाक पुशी. त्या वर्षी राखेत एकही लेकरू गेलं नाही. हे खरं होतं आणि ती ते स्वतःला रोज सांगायची. टोलीत जायची तीच परिचारिका एकदा लेकरं तपासायला आली, तिनं बोलता बोलता सांगितलं की एवढ्या बाया कामावर असतील तर कायद्यानं पाळणाघर मालकानंच मिलमध्ये चालवायचं असतं, स्वतःच्या खर्चानं. गोकुळानं विचारलं, मग इथं काऊन नाही? परिचारिका म्हणाली, हजेरीबुकात तुम्ही सगळ्या कुठं आहात, बाई. त्या दिवशी चटया तिनं दोनदा झटकल्या.

ऑगस्टमध्ये डेपो टोलीत ताप शिरला. बुधरीबाईची सून मैना सात महिन्यांची पोटुशी होती. तिला थंडी वाजून ताप आला तो सोमवारी. खोली असती तर मंगळवारी परिचारिका आली असती, किंवा नाल्याला पाणी म्हणून आली नसती. पण कपाटात गोळ्या असत आणि किल्ली बुधरीबाईकडंच असे. रपट्यावरून दोन दिवस पाणी चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मुलगा सुकलूनं तिला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यावर, कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात ती गेली. पोट तसंच.

मैना गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गोकुळा टोलीत गेली. वाटेत तिला ती खोली लागली. मालकानं तिच्यात बकऱ्या बांधल्या होत्या. बुधरीबाई अंगणात बसली होती. तिनं गोकुळाला पाहिलं, घरातून पाट आणायला लावला, पाणी द्यायला लावलं. सुकलू एकदा बाहेर आला आणि तिला पाहून आत गेला. गोकुळा बोलायचं ठरवून आली होती. म्हणायचं होतं की मला असं होईल असं वाटलं नव्हतं. पण ते खोटं होतं. नाला मधात आहे, हे तिनंच तर भाऊंना सांगितलं होतं.

"पानी पेऊन घे," बुधरीबाई म्हणाली. "उन्हाची आली."

ते पाणी ती प्याली. मग उठून आली.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी हेमराजभाऊंच्या बाजूच्या नऊ जणांतला एक फुटायला निघाला होता. त्याला आपल्या वॉर्डात व्यायामशाळा हवी होती. गोकुळाला बोलावणं आलं नाही. विषयपत्रिका घरी आली तेव्हा तिनं ती वाचली आणि सतराव्या विषयावर थांबली. बालकल्याण व क्रीडा शीर्षांतर्गत पुनर्नियोजन. तिला आता समजावून सांगायची गरज नव्हती.

ती मिलमध्ये गेली, भाऊंना भेटली. मी तुमच्यासाठी काय केलं ते आठवा, असं म्हणाली. भाऊंना राग आला नाही. ते म्हणाले, "तुमी माझ्यासाठी काई नाई केलं, बाई. आपल्या पाळनाघरासाठी केलं. अन् ते तुमाले भेटलं." मग म्हणाले की पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

सूचक या वेळी तो फुटायला निघालेला सदस्यच होता. गोकुळा उठून बोलली, पाच मिनिटं बोलली, एकतीस लेकरांची नावंसुद्धा वाचायला लागली, तेव्हा तिला थांबवण्यात आलं. मतदान झालं. तिचा हात ठरावाच्या विरोधात गेल्यावर हेमराजभाऊंकडं आठच उरले आणि विरोधात नऊ व्हायला हवे होते. पण विरोधी आठांतले दोघं त्या दिवशी आलेच नव्हते. ते का आले नाहीत, हे तिला महिन्याभरानं त्यांच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा कळलं. बाजूनं आठ, विरोधात सात; पाळणाघराचा पैसा व्यायामशाळेला गेला. त्या सातांत एक हात भिंतीकडेच्या दुसऱ्या खुर्चीवरून वर गेला होता.

गोकुळानं तिला जिन्यावर गाठलं. पायांना हात लावायला वाकली. बुधरीबाई एक पायरी खाली सरकली.

"तुज्यासाठी नाई उचलला हात," ती म्हणाली. "लेकरायसाठी उचलला. मले पाह्यचं होतं, का तो उचलाले किती जड जाते ते. नाई गेला काई जड."

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. कार्यकाळ संपला. वॉर्ड फिरले, ढिवर मोहल्ल्याचं आरक्षण गेलं आणि हेमराजभाऊंनी तिथं आपला पुतण्या उभा केला. बुधरीबाई उभीच राहिली नाही. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर ती वारली, ते गोकुळाला बाजारात कळलं, माती होऊन आठ दिवस झाल्यावर. ती टोलीत गेली नाही.

तोवर ती परत मिलच्या आवारात धान उलटवत होती. माजी नगरसेविका म्हणून मुकादम तिला दोन दिवस बाई म्हणाला आणि नंतर सोडून दिलं. लेकरं पुन्हा पोत्यांच्या आडोशाला आली होती. राखेच्या ढिगाभोवती काटेरी फांद्या टाकाव्यात म्हणून तिनं मुकादमाला तीनदा सांगितलं, मग स्वतःच तोडून आणून टाकल्या. पावसाळ्यात त्या वाहून गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा टाकल्या.

दोन हजार सहाच्या निवडणुकीत त्या भागातून दीपाली नावाची तरुण मुलगी निवडून आली. बी.ए. झालेली, बोलायला धीट. एका दुपारी ती सुट्टीच्या वेळी गोकुळाकडं आली. म्हणाली, काकू, मला पाळणाघर पुन्हा चालू करायचं आहे, तुम्ही कसं केलं होतं ते सांगा.

गोकुळानं सगळं सांगितलं. खुर्च्यांपासून सांगितलं. चिवडा, चहा, आदल्या दिवशीची सभा, टाईप केलेला कागद, विषयांच्या आत गुंडाळलेली वाक्यं. रपट्यापासून परत फिरले तेही सांगितलं, मैनाचंही सांगितलं. कुणालाच कधी न सांगितलेलं ती या पोरीला सांगत होती, कारण तिला वाटत होतं, हिला कळलं तर निदान ही ते करणार नाही. आवाज चढवला नाही, स्वतःला वाचवलं नाही. पोरगी वही काढून लिहून घेत होती, मधेच नावं विचारत होती.

ऐकून झाल्यावर दीपालीनं लिहिलेल्यावरून एकदा बोट फिरवलं.

"म्हनजे दुसऱ्या कोन्या वॉर्डाचं काई बंद होत असन तरच आपलं होते," ती म्हणाली. "औंदा कोनाचं बंद करून राह्यले, मालूम आहे का तुमाले?"

गोकुळा म्हणाली, नाही.

भोंगा झाला. बाया उठल्या, पदर खोचून धानात उतरल्या. दीपालीनं वही पिशवीत टाकली, काकू, येते, म्हणाली आणि आवाराच्या कडेकडेनं ऑफिसकडं निघाली. आत हेमराजभाऊंचा पुतण्या बसला होता. गोकुळानं तिला काचेआड समोरच्या खुर्चीवर बसताना पाहिलं, चहा आत जाताना पाहिला. मग मुकादमानं हाक मारली, तशी ती आपल्या ओळीला लागली.